व्यसन कोणाचे, नफा कोणाचा?

मुंबईच्या विमानतळावर कोकेन पकडले गेले की वृत्तपत्रांचे रकाने दोन-चार दिवस भरून वाहतात. माल किती किलो होता, त्याची किंमत किती कोटी, कोणत्या नटाचे वा धनिकपुत्राचे नाव त्यात गोवले गेले, याची चर्चा जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत चवीने चालते. चर्चा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पांढरी पूड कधी डोळ्यांनीही पाहिलेली नसते. मात्र त्यांच्याच गल्लीच्या टोकाला रात्री हातभट्टीची दारू विकली जाते, औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्यांची पाकिटे चिठ्ठीशिवाय बाहेर पडतात आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरीचा अर्धा पैसा घरी पोचण्यापूर्वीच संपतो. त्याची बातमी होत नाही, कारण ती रोजचीच गोष्ट आहे. श्रीमंताच्या व्यसनाची बातमी होते. गरिबाच्या व्यसनाचा महसूल होतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आहेत आणि ज्यांचे पिणे अपायाच्या वा परावलंबनाच्या पातळीला पोचले आहे, असे सुमारे ५ कोटी ७० लाख. कोकेन घेणाऱ्यांचा आकडा ११ लाखांच्याही आत. याचा अर्थ कोकेन निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. परंतु राष्ट्राची चिंता आणि राष्ट्राचे दुखणे यांतील अंतर किती मोठे आहे, ते या आकड्यांवरून कळते. याच अहवालातील आणखी एक आकडा कार्यकर्त्यांनी विसरू नये असा आहे: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी केवळ एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो.

तरीही कोकेनचा विचार आधी केला पाहिजे. व्यसन शरीरात कसे घर करते याचा उलगडा त्या पुडीच्या उदाहरणाने फार स्वच्छ होतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत राबणारे लोक कोकाची पाने शतकानुशतके चघळत आले. थंडी, भूक आणि थकवा यांवरचा तो त्यांचा उतारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्या पानांतून शुद्ध द्रव्य वेगळे काढले आणि पानाचे रूपांतर पुडीत झाले. १८८४ मध्ये व्हिएन्नातील तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी त्या पुडीची मुक्तकंठाने स्तुती केली आणि मॉर्फिनच्या व्यसनातून सोडवण्यासाठी ती आपल्या मित्राला दिली. मित्राला एकाऐवजी दोन व्यसने जडली. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच पूड युरोपातील कारखान्यांतून मुंबईत येऊन विड्याच्या पानातून खाल्ली जाऊ लागली आणि सरकारला तिच्यावर निर्बंध घालावे लागले. मुंबईला कोकेनची ओळख चित्रपटसृष्टीने करून दिली, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

माणसाच्या मेंदूत सुखाची, अपेक्षेची, पुन्हा तेच करावेसे वाटण्याची जाणीव निर्माण करणारी एक यंत्रणा आहे. भुकेल्याला भाकरी मिळाली, आईने मूल कुशीत घेतले, की डोपामाइन नावाचे द्रव्य पेशींच्या मधल्या फटीत स्रवते आणि काम होताच पुन्हा पेशीत शोषले जाते. कोकेन ही परतीची वाट अडवते. द्रव्य फटीत साचते आणि माणसाला आपण जगाचे राजे आहोत असे वाटू लागते. नाकाने ओढलेल्या पुडीचे हे राज्य पंधरा ते तीस मिनिटे टिकते. त्यानंतर येते ती नुसती ओसरलेली नशा नव्हे, तर खिन्नता, चिडचिड, गळाठा. आणि त्यावर पुडीशिवाय दुसरा इलाज सुचत नाही. मेंदू हळूहळू आपली सुख अनुभवण्याची क्षमताच आखडती घेतो. मग भाकरी आणि मूल यांनी काही वाटेनासे होते. पहिल्या पुडीने जेवढे मिळाले तेवढे मिळवण्यासाठी दोन लागतात, आणि पुढे आनंदासाठी नव्हे तर केवळ उभे राहण्यासाठी पूड लागते. संशय बळावतो, कातडीखाली किडे वळवळल्याचा भास होतो, धडधाकट तरुणाच्या हृदयाला झटका येऊ शकतो. दारूबरोबर घेतल्यास यकृतात त्या दोहोंपासून तिसरेच विषारी द्रव्य तयार होते.

मेफेड्रोन, म्हणजे तरुण ज्याला नुसते ‘एमडी’ म्हणतात, ते याच वाटेने जाते. फरक इतकाच, की त्यासाठी कोकाचे झाड लागत नाही; औद्योगिक वसाहतीतील एखादी शेड, काही रसायने आणि एक हुशार रसायनतज्ज्ञ पुरतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभला त्याचे कारखानेच उघडकीस आले. ज्या महामार्गावर नाशिक आहे त्याच महामार्गावर धुळे आहे, ही गोष्ट पालकांना सांगावी लागू नये.

पण मेंदूतील यंत्रणा सर्वांची सारखीच असता सगळेच व्यसनी का होत नाहीत? या प्रश्नाशी वैद्यकशास्त्राचे पुस्तक मिटवून समाजशास्त्राचे उघडावे लागते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे हजारो तरुण शिपाई हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते घरी परतल्यावर काय होईल या धास्तीने त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७४ च्या सुमारास मांडलेले निष्कर्ष सर्वांनाच चकित करणारे ठरले: तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा त्या अवस्थेला गेले ते शंभरात सुमारे पाच. द्रव्य तेच होते, मेंदूही तेच होते. पण रणांगण मागे पडले होते. ज्याचे रणांगण मागे पडतच नाही, ज्याला उद्या सकाळी त्याच मागावर, त्याच शेतात, त्याच मुकादमापुढे उभे राहायचे आहे, त्याचे काय?

मालेगाव आणि धुळे येथील यंत्रमागांच्या वस्त्या याचे उत्तर देतात. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी. माग थांबला की मजुरी थांबली. अशा ठिकाणी ज्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ हे भयंकर नाव पडले, ती मुळात चिंता आणि निद्रानाश यांवर डॉक्टरांनी द्यावयाची अल्प्राझोलामची साधी गोळी आहे. दिवसभराच्या कर्कशतेनंतर मेंदू निवत नाही, तो निववण्यासाठी ती घेतली जाते. मग एकीने भागत नाही. मग खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाची बाटली सोबत येते. पोलीस अधूनमधून छापा घालतात, पाच-पंचवीस पाकिटे आणि एखादे पोर पकडतात. ती पाकिटे घाऊक बाजारातून कोणाच्या परवान्यावर निघाली, हा प्रश्न पोराला विचारला जातो. घाऊक व्यापाऱ्याला क्वचितच.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाच्या शेतांवर वारंवार छापे पडतात, त्यांचीही गोष्ट निराळी नाही. कायद्यानुसार गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ती भोगतो तो वनजमिनीचा तुकडा कसणारा आदिवासी किंवा त्याचा सालदार. बियाणे देणारा, माल उचलणारा आणि इंदूर-मुंबईकडे पाठवणारा छायाचित्रात नसतो. कापसाला आणि तुरीला भाव नसेल तर डोंगरातला माणूस काय पेरील, हा प्रश्न पोलीस खात्याचा नाही हे मान्य. पण तो कोणाच्या तरी खात्याचा असावयास हवा.

आदिवासी आणि दारू यांच्या नात्याविषयी शहरी मध्यमवर्गात एक आळशी समज रुजलेला आहे, की पिणे त्यांच्या रक्तातच असते. इतिहास वेगळे सांगतो. मोहाच्या फुलांची दारू देवाला, लग्नाला, मृताला लागे; घरी गाळली जाई आणि घरीच संपे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क गावाकडून काढून मक्तेदाराकडे दिला. देवाचा प्रसाद गुत्त्यातला माल झाला, उधारीवर मिळू लागला, आणि उधारीपोटी जमीन गेली. शेतकऱ्यांच्या पोरांचा सर्वनाश करून तिजोरी भरणाऱ्या सरकारविरुद्ध पुण्याच्या नगरपालिकेत १८८० मध्येच जोतीराव फुले यांनी आवाज उठवला होता. नव्या दारूदुकानांना त्यांचा विरोध होता. दक्षिण गुजरातेत १९२२ मध्ये ‘देवी’च्या आज्ञेने हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली. तळोद्याच्या परिसरात १९३७-३८ च्या सुमारास गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडावयास आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने संबोधावयास शिकवले. शिक्षितांना हे भाबडे भजन वाटले असेल. पण ज्याला जन्मभर ‘अरे-तुरे’ ऐकावे लागले त्याने स्वतःला ‘आप’ म्हणवून घेणे आणि गुत्त्याकडे पाठ फिरवणे या दोन गोष्टी एकाच दिवशी घडाव्यात, यात व्यसनमुक्तीचे केवढे मर्म आहे!

हे मर्म शहाद्याच्या स्त्रियांनी अधिक रोखठोक भाषेत मांडले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. पाटीलवाडीच्या १९७१ मधील गोळीबारानंतर तो भाग पेटून उठला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संघटित होत होते, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदारांचे साल वाढावे, दुष्काळी कामे निघावीत, या तिच्या मागण्या होत्या. दारूचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पुरुष नेत्यांनी आणला नव्हता. तो स्त्रियांनी आणला. मजुरी वाढली तर वाढीव रुपया गुत्त्यात जातो आणि मार तेवढाच राहतो, हे त्यांनी शिबिरांतून सांगितले आणि सांगून त्या थांबल्या नाहीत. जथ्याजथ्याने गावोगाव जाऊन त्यांनी भट्ट्यांची मडकी फोडली. बायकोला झोडपणाऱ्या नवऱ्याच्या दारात जाऊन त्याला चार लोकांत माफी मागावयास लावली. तो नवरा अनेकदा संघटनेचाच सभासद असे. संघटनेतील पुरुषांना हे सहजी रुचले असेल असे समजण्याचे कारण नाही.

या आंदोलनाचे गोडवे गाताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मडकी फोडली, तरी कालांतराने नवी आली. चळवळीचा जोर ओसरला तशी दारू परतली. यावरून ‘शेवटी काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः निष्कर्ष निराळा निघतो. जोवर माणसाला संघटनेत स्थान होते, सभा होती, मोर्चा होता, आपण कोणीतरी आहोत ही जाणीव होती, तोवर पिणे घटले. मडके फोडल्याने विक्री थांबते. पण ज्याचे शरीर दारूवर अवलंबून झाले आहे त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर त्या काळी चळवळीपाशी नव्हते. शहाद्यात तर डॉक्टरच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

ते उत्तर आज उपलब्ध आहे आणि कार्यकर्त्यांना ते ठाऊक असणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी खोलीत कोंडून दारू एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि प्राणही जाऊ शकतो. अल्प्राझोलामच्या गोळ्यांचेही तसेच. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने कमी कराव्या लागतात. देवापुढे शपथ घालून त्याच दिवशी सगळे सोडवणारे सद्हेतूचे लोक कधी कधी जीवावर बेतणारे काम करतात. शपथ जरूर घालावी, पण सोबत रुग्णालयात न्यावे. अफूवर्गीय नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत, दारूची ओढ कमी करणारीही आहेत. कोकेनवर आणि त्याच्या भावंडांवर मात्र जगात कोठेही मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. तेथे उपयोगी पडते ते समुपदेशन, ओढ कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या संगतीत उफाळते ते ओळखण्याचे शिक्षण, आणि नशा न केल्याचे तपासणीत सिद्ध होताच लहानसे बक्षीस देण्याची पद्धत. ही शेवटची पद्धत हास्यास्पद वाटेल. प्रयोगांती तीच अधिक परिणामकारक ठरली आहे. आखडलेल्या मेंदूला साध्या सुखाची पुन्हा सवय लावण्याचाच तो मार्ग आहे.

मुंबई-पुण्यात १९८० नंतर ‘गर्द’चा कहर झाला तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेथील अनुभवाने महाराष्ट्राला शिकवले, की विष शरीरातून निघणे हा पहिला आठवडा आहे आणि खरे काम त्यानंतरचे आहे. परतलेल्या माणसाला भेटत राहणे, त्याच्या पत्नीला बोलते करणे, तो पुन्हा घसरला तर त्याला हाकलून न देता पुन्हा आत घेणे. घसरणे हा या आजाराचा भाग आहे, जसे मधुमेह्याची साखर पुन्हा वाढणे. ‘एकदा उपचार केला, उपयोग नाही झाला’ म्हणून पाय मागे घेणारी कुटुंबे आणि संस्था निम्म्या वाटेवरून परततात. मारहाण करणारी, साखळदंडाने बांधणारी जी केंद्रे व्यसनमुक्तीच्या नावाने गल्लोगल्ली निघतात, त्यांच्याविरुद्ध २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ आहे. पोलीस ठाण्यात ते कोणी सांगत नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लिहिलेला आहे, हे एखाद्या शाखेने मोजून पाहावे.

धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोन ठिकाणी व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा, पुरेसे मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक असावेत आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी त्यांनी बसावे, ही मागणी क्रांतिकारक नाही, नुसती माणुसकीची आहे. पैसा नाही, हे उत्तर सरकारला देता येणार नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये अधिक मिळतील असा अंदाज दिला. पिणाऱ्याच्या खिशातून काढलेल्या या रकमेतील किती वाटा त्याच्या उपचाराकडे वळणार, याचा आकडा प्रत्येक अधिवेशनात मागितला गेला पाहिजे.

संपूर्ण दारूबंदी हाच एक उपाय, असे म्हणणारे साथी चळवळीत आजही आहेत. त्यांच्या तळमळीचा आदर राखूनही अनुभव डोळ्यांआड करता येत नाही. १९४९ च्या कायद्याने आलेली बंदी साठीच्या दशकात सैल करावी लागली, तोवर हातभट्टीवाला आणि हप्ता घेणारा यांची भक्कम युती झालेली होती. चंद्रपूरची २०१५ मधील बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी वरून लादली की ती पोलिसांची होते. गावातल्या बायांनी आणली की काही काळ तरी गावाची राहते. म्हणून बायांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची, ‘आडवी बाटली’ची तरतूद मोलाची आहे. पण तिच्या २००८ च्या मूळ आदेशातच एक खोच आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. चाळीसगाव, साक्री, नंदुरबारकडची ऊसतोड करणारी बाई दिवाळीनंतर फडावर गेलेली असते. तिची गैरहजेरी दुकानदाराच्या बाजूचे मत ठरते.

आणि एक अप्रिय गोष्ट. मतदानाच्या आदल्या रात्री दारू वाटणाऱ्या पक्षांना नावे ठेवताना ज्यांचा हात थरथरत नाही, अशा कार्यकर्त्यांची संख्या किती? सभा संपल्यावर ‘थकवा घालवायला’ बसणारी मंडळी पुरोगामी पक्षांत नाहीत असे नाही. त्यांना बहिष्कृत करून प्रश्न सुटणार नाही. त्यांपैकी काही आजारी आहेत आणि त्यांनाही खाट लागेल. मात्र ज्या घरातील बाई मार खाते त्या घरातील पुरुषाला व्यासपीठावर बसवू नये, एवढा शहाद्याचा धडा पन्नास वर्षांनंतर तरी गिरवण्यास हरकत नसावी.

ऊसतोडीचे करार पोळा-दसऱ्याच्या सुमारास ठरतात. मुकादमाची उचल पुरुषाच्या हातात पडते, आणि तिचा पहिला हिस्सा कोठे जातो ते गावात सर्वांना माहीत असते. वस्तुतः फडावर ‘कोयता’ म्हणून मोजले जाते ते जोडपे; राबतात दोघे. उचल दोघांच्या सहीने आणि दोघांच्या हातात द्यावी, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी यंदा करारातच घालावी, आणि आडव्या बाटलीच्या अर्जावरील बायांच्या सह्या मालमोटारी गावातून हलण्यापूर्वी पूर्ण कराव्यात. त्याला दिवस थोडे आहेत.